रोलिंग स्टोन : मांडणी, वाचक आणि मूल्ये

रॉक संगीताला वाहिलेले आणि पुढे राजकारणापर्यंत पसरलेले अमेरिकन नियतकालिक. 21 वर्षांचा जॅन वेनर आणि पन्नाशीतले जॅझ समीक्षक राल्फ ग्लीसन यांनी ते सॅन फ्रान्सिस्कोत 7,500 डॉलरच्या उसन्या भांडवलावर काढले. पहिल्या अंकावर 9 नोव्हेंबर 1967 ही तारीख आहे. पाने 24, किंमत 25 सेंट. सुमारे 40,000 प्रती छापल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेक न खपता परत आल्या. संगीतविषयक नियतकालिक वाचताना मजकुराच्या आधी त्याची मांडणी, त्याने गृहीत धरलेला वाचक आणि त्याची मूल्ये पाहावीत, असे माध्यमांचे अभ्यासक सांगतात. या तिन्ही गोष्टी ‘रोलिंग स्टोन’मध्ये जितक्या उघड दिसतात तितक्या फार थोड्या ठिकाणी दिसतात.

मांडणी : त्या काळी सॅन फ्रान्सिस्कोत निघणारी तरुणांची पत्रे डोळे दिपवणारी असत. ‘ओरॅकल’ या पत्रात इंद्रधनुष्यी शाया एकमेकींत मिसळत, अक्षरे वितळल्यासारखी वाहत आणि मजकूर वाचणे हेच एक काम होऊन बसे. वेनरने नेमकी उलट वाट धरली. तो पूर्वी ‘संडे रॅम्पार्ट्स’ या बंद पडलेल्या वृत्तपत्रात काम करत असे आणि तिथली मांडणी त्याने जवळजवळ जशीच्या तशी उचलली. टाइम्स रोमनसारखा जुन्या वळणाचा टाइप, सरळ उभे स्तंभ आणि पानाभोवती एक जाड व एक बारीक अशा जोडरेघांची चौकट. फक्त माथ्यावरचे नाव रिक ग्रिफिन या पोस्टर-चित्रकाराच्या हातचे, वेलबुट्टीसारखे वळणदार. वर रस्त्यावरची नवी लिपी आणि खाली प्रतिष्ठित वर्तमानपत्राची शिस्त, हा जोड मला या नियतकालिकाचा सर्वांत मोठा विचार वाटतो. ज्या संगीताला वडीलधारी मंडळी गोंगाट म्हणत होती, त्याची बातमी अर्थसंकल्पाच्या बातमीइतक्याच गांभीर्याने छापायची, हे ती चौकट एकही शब्द न लिहिता सांगत होती.

पुढे कागद बदलला. वृत्तपत्री कागदावर छापून घडी घातलेला अंक 1980 च्या दशकात गुळगुळीत कागदावर आला. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा मोठा आकारही गेला आणि तो स्टॉलवरच्या इतर मासिकांच्या मापाचा झाला. छायाचित्राचे वजन मात्र 1970 च्या दशकापासूनच वाढत होते. छायाचित्रकार ॲनी लीबोव्हित्झ यांनी 8 डिसेंबर 1980 रोजी ‘बीटल्स’ या बँडचा माजी गायक जॉन लेनन आणि त्याची पत्नी योको ओनो यांचे छायाचित्र घेतले: लेनन विवस्त्र, गर्भातल्या मुलासारखा योकोला बिलगलेला. त्याच रात्री त्याची हत्या झाली. 22 जानेवारी 1981 च्या मुखपृष्ठावर हे चित्र आले तेव्हा नियतकालिकाच्या नावाखाली एकही मथळा नव्हता. विक्रीसाठी ओरडून सांगण्याची ती जागा रिकामी सोडणे, हा शोकाचा मजकूरच होता.

वाचक : या अंकात काय नसते, तेही पाहावे. ‘रोलिंग स्टोन’मध्ये स्वरलिपी नसते, रियाजाचे धडे नसतात. आपल्याकडे गांधर्व महाविद्यालय मंडळाचे ‘संगीत कला विहार’ शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी निघते; इथे वाचक हा केवळ ऐकणारा आहे आणि ऐकण्यातून स्वतःची ओळख घडवणारा आहे. सुरुवातीच्या काळात वर्गणीदाराला गांजाच्या सिगारेटचे थोटूक धरायचा चिमटा भेट मिळे. वाचक कोण, हे त्याहून थेट सांगता आले नसते.

1977 मध्ये कार्यालय न्यूयॉर्कला गेले. 1985 मध्ये मिनिआपोलिसच्या फॅलन मॅकएलिगट या जाहिरात संस्थेने ‘समज’ आणि ‘वास्तव’ अशा दोन शब्दांची प्रसिद्ध मोहीम केली. डाव्या पानावर ‘समज’ या शब्दासह लांब केसांचा हिप्पी, उजव्या पानावर ‘वास्तव’ या शब्दासह नीटनेटका, कमावता तरुण. ही जाहिरात वाचकांसाठी नव्हतीच. आमचा वाचक आता पैसेवाला आहे, हे जाहिरातदारांना पटवण्यासाठी ती होती. नियतकालिकाचे दोन ग्राहक असतात: एकाला अंक विकला जातो, दुसऱ्याला तो वाचक. मोहीम यशस्वी झाली, जाहिराती वाढल्या, आणि बंडखोरीची भाषा व बाजाराची गरज एकाच अंकात शेजारी-शेजारी नांदू लागली.

2008 पासून मुंबईहून भारतीय आवृत्ती निघू लागली. इंग्रजी वाचणारा शहरी तरुण आणि स्वतंत्र बँड हे तिचे क्षेत्र.

मूल्ये : पहिल्याच अंकाच्या पहिल्या पानावर एक प्रश्न होता: कॅलिफोर्नियातल्या माँटेरी पॉप महोत्सवाचा पैसा गेला कुठे? संगीतावर प्रेम करणाऱ्यांनीच संगीताच्या व्यवहाराचा हिशेब मागायचा, ही या पत्राची उत्तम बाजू. डिसेंबर 1969 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट इथे रोलिंग स्टोन्स या बँडच्या मैफलीत एका तरुणाची हत्या झाली, तेव्हा पत्राने या आपल्या लाडक्या बँडलाही सोडले नाही. अल्टामाँट आणि हत्याकांडाचा सूत्रधार चार्ल्स मॅन्सन यांच्यावरील वार्तांकनाला 1971 चा राष्ट्रीय नियतकालिक पुरस्कार मिळाला. हीच कसोटी पुढे पत्रावरही उलटली: विद्यापीठातील बलात्काराविषयीचा 2014 चा एक लेख पडताळणीत टिकला नाही आणि एप्रिल 2015 मध्ये मागे घ्यावा लागला.

दुसरी उणीव अधिक जुनी आहे. कोणाला ‘महान’ म्हणायचे हे ठरवताना पत्राची नजर गोऱ्या पुरुष गिटारवादकांवर खिळलेली असे. 2023 मध्ये वेनरने आपल्या मुलाखतसंग्रहात स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कलावंत का नाहीत याचे जे समर्थन केले, त्यामुळे त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या कलावंतांचा सन्मान करणाऱ्या संस्थेच्या संचालक मंडळावरून काढण्यात आले. तोवर पत्राची मालकी त्याच्याकडे राहिलेली नव्हती आणि मूल्यांची वाटही बदलली होती. हा बदल मोजायचा असेल तर 500 सर्वश्रेष्ठ अल्बमांच्या याद्या शेजारी ठेवाव्यात. 2003 च्या यादीत पहिल्या दहांत बीटल्सचे चार अल्बम होते, त्यांतला एक पहिला; एकाही गायिकेचा अल्बम नव्हता. 2020 मध्ये नव्याने मते घेतली तेव्हा पहिल्या जागी कृष्णवर्णीय गायक मार्व्हिन गे आला, तिसऱ्या जागी गायिका जोनी मिचेल, दहाव्या जागी कृष्णवर्णीय गायिका लॉरिन हिल, आणि 2003 मध्ये पहिला असलेला बीटल्सचा अल्बम चोविसावा झाला.