फादर बाखर पाण्याच्या कामाकडे कसे वळले?

पाणलोट विकासाचा, म्हणजे पावसाचे पाणी गावशिवारातच अडवून जिरवण्याचा, विषय निघाला की राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही नावे आधी येतात, आणि ती यायलाच हवीत. पण त्याच नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइट (कॅथलिक येशूसंघाच्या) धर्मगुरूंनी उभारलेले काम शेकडो गावांपर्यंत गेले, तरी त्याची मुळे फारशी कुणी सांगत नाही.

स्वित्झर्लंडचा धर्मगुरू नगरला कसा आला, हे समजायला थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगमनेर-राहुरीच्या पट्ट्यात जर्मन जेझुइटांचे मिशन सुरू झाले. त्यांच्याकडे आलेली माणसे बहुतेक महार-मांग समाजातली, कसायला जमीन नसलेली किंवा नावापुरता तुकडा असलेली. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मनांना हलवले आणि पुढे हा भाग ज्यात होता ते पुणे मिशन स्विस जेझुइटांकडे आले. त्याच वाटेने १९४८ मध्ये बाखर भारतात पोहोचले.

नगर हा एका नावाखाली नांदणारा दोन तऱ्हांचा जिल्हा. उत्तरेकडे भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेचे कालवे फिरले, ऊस आला आणि १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दक्षिणेकडच्या कर्जत, जामखेड, पाथर्डीला मात्र हलकी मुरमाड जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि बाजरी-ज्वारी. पाथर्डीची कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन दुसऱ्याच्या उसात जात, आजही जातात. या दोन तऱ्हांमधले अंतर मला या सगळ्या कथेचे मूळ वाटते.

१९६० च्या दशकात बाखरांनी नगरमध्ये सोशल सेंटर ही संस्था सुरू केली. त्या काळी दुष्काळी भागात काम करणाऱ्या बहुतेक संस्थांचा भर विहिरींवर, पंपांवर, कर्ज मिळवून देण्यावर होता. मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणारी माणसे, सुकडीची रांग, दावणीला मेलेली जनावरे हे मराठवाड्याने पाहिले तसेच नगरनेही पाहिले. विहिरीची अडचणही तेव्हा उघडी पडली. विहीर ज्याची जमीन त्याची. भूमिहीनाला ती मिळत नाही, आणि डोंगरावर पडलेले पाणी वाहूनच गेले तर जमीनवाल्याच्या विहिरीतही काही उरत नाही. म्हणजे पाणी धरायचे तर माथ्यापासून पायथ्यापर्यंत साऱ्या गावाने धरायला हवे. डोंगरउतारावर आडवे खणलेले समतल चर, शेतांची बांधबंदिस्ती, नाल्यातले दगडी बांध, शेवटी खालचे बंधारे, हा क्रम इथून येतो. आधी वरचे पाणी अडवले नाही तर खालचा बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो.

या विचाराला १९८९ मध्ये मोठे रूप आले. जर्मन सरकारचा निधी, नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेची यंत्रणा आणि गावोगावच्या स्वयंसेवी संस्था एकत्र आणून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाची आखणी झाली. गावांना आणि संस्थांना शिकवून तयार करण्यासाठी १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह बाखरांनी ‘वॉटर’ (WOTR) ही संस्था काढली. कार्यक्रमाचा निधी सहज मिळणारा नव्हता. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, पाणलोट समिती निवडायची, थोड्या क्षेत्रावर काम करून हात बसवायचा, मगच मोठे काम. शेताचे नियोजन करताना नवरा-बायको दोघेही बांधावर हजर हवेत, असाही आग्रह असे. पाण्याचा हंडा जिच्या डोक्यावर, तिला न विचारता आराखडा करणे बाखरांच्या माणसांना पटत नव्हते, आणि ते योग्यच होते.

सगळ्यांत अवघड अट चराईबंदीची. डोंगरावर गवत आणि झाडे धरायची तर शेळ्या-मेंढ्या थांबवाव्या लागतात, पण ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांचे पोट त्या शेळ्यांवरच. कागदावर चांगल्या दिसणाऱ्या या अटीचा भार गावातल्या सगळ्यांत गरीब घरावर पडतो, हे मान्यच करायला हवे. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत मेंढपाळ आणि शेतकरी यांच्यात यावरून ताण झाला. डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करायचा आणि उरलेला भाग चराईला मोकळा ठेवायचा, अशी वाट तिथे काढावी लागली. तेच मेंढपाळ पाणलोटाच्या कामावर मजुरीही करत होते.