कीटक-छायाचित्रण, टेलिफोटो भिंगाद्वारे

फुलपाखरू, चतुर, टाचणी, गांधीलमाशी यांसारख्या सावध किंवा डंख मारणाऱ्या कीटकांपासून सुमारे अर्धा ते दोन मीटर अंतर राखून, लांब केंद्रांतराच्या (नाभीय अंतराच्या, म्हणजे ‘फोकल लेंग्थ’च्या) भिंगाने त्यांची मोठी छायाचित्रे घेण्याची पद्धती. यासाठी बहुधा ३०० ते ४०० मिमी. केंद्रांतराची टेलिफोटो भिंगे वापरतात. छायाचित्रकारांच्या बोलण्यात ‘टेलीने मॅक्रो’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. तो काटेकोर नाही.

संज्ञा : ‘मॅक्रो’ या शब्दाचा अर्थ स्थिर राहिलेला नाही. १८९९ मध्ये डब्ल्यू. एच. वॉम्स्ले यांनी दहापटींपेक्षा कमी वर्धनाच्या चित्रांसाठी ‘फोटो-मॅक्रोग्राफ’ ही संज्ञा सुचविली. सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या चित्रांपासून ती वेगळी ओळखता यावीत, हा तिचा हेतू होता. पुढे भिंगांच्या व्यापारात संवेदकावरील (सेन्सरवरील; पूर्वी फिल्मवरील) प्रतिमा वस्तूइतकीच मोठी येणे, म्हणजे १:१ वर्धन, ही मॅक्रोची खूण ठरली. जाहिरातींत मात्र १:४ वर्धन देणाऱ्या झूम भिंगांवरही हा शब्द छापलेला आढळतो. टेलिफोटो भिंगाने मिळणारे वर्धन सामान्यतः १:४ ते १:२ या टप्प्यातले असल्याने त्यास ‘समीप छायाचित्रण’ म्हणणे अधिक योग्य होय. प्रस्तुत नोंदीत तोच अर्थ घेतला आहे.

‘टेलिफोटो’ या शब्दाचीही हीच गत आहे. व्यवहारात कोणत्याही लांब भिंगाला टेली म्हणतात. प्रकाशकीत मात्र ज्या भिंगाची प्रत्यक्ष लांबी त्याच्या केंद्रांतरापेक्षा कमी असते तेच टेलिफोटो. पुढच्या भागात अभिसारी (बहिर्गोल) भिंगगट आणि मागे काही अंतरावर अपसारी (अंतर्गोल) गट, अशी त्याची रचना असते. पुढच्या भिंगापासून संवेदकापर्यंतच्या लांबीला केंद्रांतराने भागल्यास टेलिफोटो गुणोत्तर मिळते. कॅननच्या ३०० मिमी. एफ/४ (‘एफ’पुढचा आकडा छिद्राचे माप दर्शवितो) प्रतिमा-स्थिरकयुक्त (आयएस) भिंगाची लांबी २२१ मिमी. आणि त्यामागील कॅमेऱ्याचे अंतर ४४ मिमी. धरल्यास हे गुणोत्तर सु. ०·८८ येते, ४०० मिमी. एफ/५·६ भिंगासाठी ते सु. ०·७५ आहे.

उगम : टेलिफोटो भिंगाच्या शोधाचे श्रेय कोणाला, याबद्दल एकमत नाही. अभिसारी भिंगामागे अपसारी भिंग ठेवल्यास प्रतिमा मोठी होते, हे तत्त्व योहानेस केप्लर यांच्या १६११ मधील प्रकाशकीवरील ग्रंथात आढळते. त्यांचा विचार दुर्बिणीपुरता होता आणि छायाचित्रण तर सव्वादोनशे वर्षे दूर होते. त्यामुळे त्यांना टेलिफोटो भिंगाचे जनक म्हणणे ओढाताणीचे ठरते. इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी सु. १८३४ मध्ये दुर्बिणीच्या वस्तुभिंगामागे बसविण्याचे अवर्णक (रंग फाकू न देणारे) अपसारी भिंग मांडले. लंडनचे उपकरण-निर्माते जॉर्ज डॉलंड यांनी ते घडविले. हौशी आकाशनिरीक्षकांच्या पेटीत आजही असणारे ‘बार्लो भिंग’ ते हेच.

छायाचित्रणासाठी वेगळे भिंग म्हणून ही रचना १८९१ च्या सुमारास पुढे आली, आणि ती एकाच वेळी तिघांकडून : लंडनमध्ये टॉमस रूडॉल्फस डालमायर (१८५९–१९०६), जर्मनीत आडोल्फ मीटे (१८६२–१९२७) आणि म्यूनिकमध्ये श्टाइनहाइल. इंग्रजी ग्रंथांत डालमायर यांना अग्रमान मिळतो. त्यांनी १८९९ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिल्याचा त्यात वाटा असावा. जर्मन लेखन मीटे यांच्याकडे झुकते. तिघांची रचना स्वतंत्रपणे झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण बार्लो यांचे तत्त्व तोवर सर्वज्ञात झाले होते, आणि दूरच्या वस्तूंसाठी हाताळण्याजोग्या लांबीचे भिंग ही त्या काळातील सर्वांचीच गरज होती.

ही आरंभीची साधने म्हणजे नेहमीच्या भिंगामागे जोडायचे अपसारी जोडभिंग होते. त्यातील अंतर बदलून वर्धन कमीजास्त करता येई. परंतु प्रकाश फार कमी मिळे आणि कडांना रंग सुटत. ठराविक केंद्रांतराची, एकसंध टेलिफोटो भिंगे सु. १९०५ पासून (जर्मनीतील बुश या कारखान्याचे ‘बिस-टेलार’ हे त्यांपैकी एक) मिळू लागली. रंगदोष मात्र दीर्घकाळ टिकला. केंद्रांतर वाढते तसा तो वाढतो, म्हणून लांब भिंगांच्या बाबतीत तो विशेष जाचक असतो. १९६९ मध्ये कॅननने ३०० मिमी. एफ/५·६ भिंगात कृत्रिम फ्लोराइट स्फटिक वापरला, आणि त्यानंतर कमी अपस्करणाच्या (रंग कमी फाकविणाऱ्या) काचा सर्रास आल्या.

दृश्य भिंगातूनच पाहून स्पष्ट करण्याची सोय झाल्याशिवाय ही पद्धती मोकळ्या रानात शक्य नव्हती. ती सोय ३५ मिमी. फिल्मच्या एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्याने दिली. ड्रेस्डेनचा ‘किने एक्साक्टा’ (१९३६) हा त्यांतील आरंभीचा. ३५ मिमी. कॅमेऱ्यासाठीचे पहिले मॅक्रो भिंग म्हणून हाइन्झ किलफिट यांच्या ४० मिमी.च्या ‘माक्रो-किलार’चा (१९५५) उल्लेख केला जातो. त्याच्या आखूडपणामुळे कीटकाच्या अगदी जवळ जावे लागे. पुढची वाटचाल ही मुख्यतः हे अंतर वाढवीत नेण्याची आहे : १०० मिमी., मग १८० व २०० मिमी.ची मॅक्रो भिंगे, आणि त्यांना समांतर, अधिक जवळून स्पष्ट होणारी टेलिफोटो भिंगे.

प्रकाशकीय तत्त्वे : कार्यांतर, म्हणजे भिंगाच्या पुढच्या टोकापासून वस्तूपर्यंतचे अंतर, हा या पद्धतीचा गाभा होय. भिंगावर छापलेले किमान अंतर संवेदकापासून मोजलेले असते; त्यातून भिंगाची लांबी वजा करावी लागते. १०० मिमी.च्या मॅक्रो भिंगाने १:१ वर्धन घेताना कार्यांतर सु. १५ सेंमी. उरते. उलट वर उल्लेखिलेल्या ३०० मिमी. भिंगाचे किमान अंतर १·५ मी. असून कार्यांतर सु. १·२ मी. मिळते. वर्धन मात्र ०·२४ एवढेच असते. ३६ × २४ मिमी.च्या संवेदकावर त्याचा अर्थ असा की, सु. १५० × १०० मिमी.चे क्षेत्र चौकटीत मावते. पंख पसरलेले मोठे फुलपाखरू त्यात बरोबर बसते, ६ मिमी.च्या लेडीबर्ड किड्याची प्रतिमा दीड मिमी.ही भरत नाही.

केंद्रांतर जास्त म्हणजे प्रतिमा मोठी, हा समज येथे फसवतो. ४०० मिमी. एफ/५·६ भिंगाचे किमान अंतर ३·५ मी. असल्याने त्याचे कमाल वर्धन ०·१२ आहे, म्हणजे ३०० मिमी. भिंगाच्या निम्मे. पक्ष्यांसाठी नावाजलेले ते भिंग कीटकांसाठी जवळजवळ निरुपयोगी ठरते. याउलट २०१४ मध्ये आलेले कॅननचे १००–४०० मिमी. झूम भिंग (दुसरी आवृत्ती) ०·९८ मी.पर्यंत स्पष्ट होते आणि ०·३१ वर्धन देते. भिंग निवडताना केंद्रांतराच्या आकड्याआधी किमान अंतराचा आकडा पाहावा. जवळच्या अंतरावर, विशेषतः आतल्या आत भिंगगट सरकणाऱ्या रचनेत, प्रभावी केंद्रांतर छापील आकड्याहून कमी होते, हेही लक्षात घ्यावे लागते.

दुसरा समज स्पष्टतेच्या खोलीचा (डेप्थ ऑफ फील्ड). टेलीने खोली कमी मिळते असे सर्रास म्हटले जाते. दूरच्या दृश्याबाबत ते अनुभवाला धरून असले, तरी समीप छायाचित्रणात ते खरे नाही. येथे खोली जवळजवळ पूर्णपणे वर्धन आणि छिद्रांक (‘एफ’पुढचा आकडा) यांवर ठरते. एफ/८ छिद्र आणि ०·०३ मिमी. अस्पष्टता-वर्तुळ (डोळ्याला बिंदूच वाटेल असा सर्वांत मोठा ठिपका) धरल्यास ०·२५ वर्धनाला सु. ९·६ मिमी., ०·५ ला सु. २·९ मिमी. आणि १:१ ला सु. १ मिमी. खोली मिळते, भिंग १०० मिमी.चे असो वा ३०० चे. काटेकोर गणितात भिंगाच्या पुढील व मागील बाजूंनी दिसणाऱ्या छिद्रांच्या आकारांचे गुणोत्तरही येते. टेलिफोटोत ते एकाहून कमी असल्याने खोली किंचित वाढते आणि प्रकाश किंचित घटतो. व्यवहारात हा फरक नगण्य आहे.

फरक पडतो तो पार्श्वभूमीत. फार दूरच्या बिंदूचे संवेदकावरील अस्पष्ट वर्तुळ हे वर्धन गुणिले छिद्राचा प्रत्यक्ष व्यास एवढे असते. ०·२५ वर्धनाला एफ/८ वर १०० मिमी. भिंगात ते सु. ३ मिमी., तर ३०० मिमी. भिंगात सु. ९ मिमी. भरते. शिवाय दृष्टिकोन अरुंद असल्याने मागचा फारच थोडा भाग चौकटीत येतो. म्हणून कीटक तितकाच स्पष्ट राहूनही मागचे गवत नुसत्या रंगात विरून जाते. अशा चित्रांची लोकप्रियता मोठ्या प्रमाणावर या एका गुणावर उभी आहे.

वर्धन वाढविणारी साधने : भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा टेलिकन्व्हर्टर म्हणजे प्रत्यक्षात बार्लो भिंगच. तो किमान अंतर न बदलता प्रतिमा १·४ किंवा २ पट करतो, त्यामुळे ०·२४ चे अनुक्रमे सु. ०·३४ व ०·४८ होते. प्रकाश अनुक्रमे एक आणि दोन स्टॉपने घटतो (म्हणजे निम्मा आणि चौथाई उरतो) आणि मूळ भिंगाचे दोषही तितकेच मोठे होतात. एक्स्टेंशन ट्यूब ही काच नसलेली पोकळ नळी. तिने वाढणारे वर्धन म्हणजे नळीची लांबी भागिले केंद्रांतर. २५ मिमी.ची नळी ५० मिमी. भिंगाला ०·५ वर्धन देते, तर ३०० मिमी. भिंगाला जेमतेम ०·०८. क्लोजअप भिंगाचे गणित नेमके उलटे आहे : मुख्य भिंग अनंतावर ठेवल्यास वर्धन = केंद्रांतर (मीटरमध्ये) × शक्ती (डायॉप्टर). २ डायॉप्टरचे क्लोजअप भिंग ३०० मिमी. भिंगापुढे लावल्यास ०·६ वर्धन मिळते आणि वस्तू अर्ध्या मीटरवर राहते. लांब भिंगासाठी म्हणून हेच साधन अधिक फलदायी. ते दोन भिंगे जोडलेले अवर्णक असावे. एकेरी, स्वस्त काचेने कडा रंगीत होतात.

प्रतिमा-स्थिरक जवळच्या अंतरावर पूर्ण काम देत नाही. तो मुख्यतः कॅमेऱ्याचे कोनीय हलणे भरून काढतो, तर वाढत्या वर्धनात आडवे-उभे सरकणेही तितकेच बाधते. दोन्हींची दखल घेणारी योजना २००९ मधील कॅननच्या १०० मिमी. मॅक्रो भिंगात आली. टेलिफोटोसाठी एकपायी स्टँड हा जुनाच उपाय अद्याप चालतो.

क्षेत्रीय पद्धती : संयुक्त नेत्रांना हालचाल पटकन जाणवते, म्हणून संथपणे, शक्यतो खाली वाकून आणि कीटकावर सावली न पाडता जवळ जातात. अनेक चतुर उडून पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. अशा वेळी काडीवर भिंग साधून थांबणे पाठलागापेक्षा सोपे पडते. ‘ग्लोब स्किमर’ (पँटाला फ्लॅव्हेसेन्स) हा पावसाळ्याअखेरीस थव्यांनी दिसणारा चतुर मात्र क्वचितच बसतो. मिटल्या पंखांच्या फुलपाखराला संवेदकाचे प्रतल समांतर ठेवल्यास मोठ्या छिद्रावरही पूर्ण पंख स्पष्ट येतो. आग्या मोहोळाच्या बाबतीत लांब भिंग ही सोय नसून सुरक्षेची अट आहे. दूरवर प्रकाश फेकण्यासाठी फ्लॅशपुढे लावलेली फ्रेनेल पट्टी (भिंगासारखे काम करणारी सपाट प्लॅस्टिकची पट्टी) सूर्याकडे वळली, तर सूर्यप्रकाश एकवटून फ्लॅशचे तोंडच वितळवते. हा प्रकार वाटतो तितका विरळ नाही.

महाराष्ट्रात : ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा दर्जा मिळाला. ‘नीलवंत’ आणि ‘राणी पाकोळी’ ही त्याची मराठी नावे. पंखविस्तार १२० ते १५० मिमी. असल्याने ते ३०० मिमी. भिंगाच्या चौकटीत सहज मावते. झाडांच्या शेंड्यांजवळ आणि वेगाने उडत असल्याने आखूड मॅक्रो भिंगाने ते हाती लागणे कठीण. ओल्या मातीवर चिखलपानासाठी उतरते तेव्हा संधी मिळते. ठाणे-मुंबईचा परिसर आणि सिंधुदुर्गातील आंबोली ही अशा छायाचित्रणाची परिचित ठिकाणे होत. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये परवानगी लागते.

नोंदींसाठी उपयोग व मर्यादा : कीटक न पकडता प्रजातीची नोंद करणे या पद्धतीने सुकर झाले. कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळाचा पाया छायाचित्रांवरच आहे. फुलपाखरांच्या बाबतीत पंखांची खालची बाजू स्पष्ट आली की बहुतेक काम भागते. लहान निळ्या फुलपाखरांत ठिपक्यांची मांडणी निर्णायक असते. टाचण्यांच्या काही गटांत मात्र नराच्या शेपटीकडील पकड-अवयवांचा आकार पाहिल्याशिवाय प्रजाती ठरत नाही, आणि दोन सेंमी. लांबीच्या टाचणीचे हे अवयव ०·२४ वर्धनात काही मोजक्या बिंदूंत संपतात. अशा नोंदी वंशापर्यंतच ठेवण्याची प्रथा आहे. पुढील निश्चितीसाठी १:१ मॅक्रो भिंग किंवा प्रत्यक्ष नमुना लागतो.