कँडिड कॅमेरा आणि त्याचे प्रेक्षक

कँडिड कॅमेरा हा अमेरिकेतला छुप्या कॅमेऱ्याचा प्रँक शो, ॲलन फंट या माणसानं काढलेला. आधी 1947 मध्ये एबीसी रेडिओवर कँडिड मायक्रोफोन नावानं आला आणि 10 ऑगस्ट 1948 ला टीव्हीवर. अनोळखी माणसाला विचित्र प्रसंगात टाकायचं, लपून शूटिंग करायचं आणि शेवटी जाऊन सांगायचं की बाबा रे हे सगळं नाटक होतं, तो बघ तिकडे कॅमेरा, हा जो साचा आज सगळीकडे चालतो तो टीव्हीवर रुजवला यांनीच. शोबद्दल माहिती भरपूर मिळते, ही नोंद मुख्यतः बघणाऱ्यांबद्दल आहे, म्हणजे लोक कशाला हसले, कधी भडकले, कधी त्यांना बघवलंच नाही. इतक्या वर्षांच्या प्रतिक्रिया पाहिल्या की एक गोष्ट सारखी समोर येते, प्रेक्षकाला मोकळं हसायला बकऱ्याची, म्हणजे ज्याला फसवलं त्या माणसाची, परवानगी लागते. बकरा शेवटी हसला की घरात सोफ्यावर बसलेला माणूसही सुटतो, आणि तो नाही हसला तर तीच क्लिप अंगावर येते.

कल्पना कुठून आली

दुसऱ्या महायुद्धात फंट अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअर म्हणजे संदेशवहनाच्या विभागात होता आणि सैनिकांचे आवाज रेकॉर्ड करायचं काम त्याच्याकडे होतं. मशीनवरचा लाल दिवा लागला की चांगले बोलके पोरगे एकदम आखडायचे, शब्द अडकायचे, दिवा विझला की परत नॉर्मल. मग त्यानं दिव्याची वायरच काढून टाकली आणि रेकॉर्डिंग चालू आहे हे कळू न देता बोलतं केलं. पुढचं सगळं यातूनच निघालं. त्याआधी कॉर्नेल विद्यापीठात शिकताना त्यानं कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली कामही केलं होतं, त्यामुळे माणूस कोणी बघत नसताना कसा वागतो याचं वेड त्याला जुनंच होतं.

हसू कशाचं

सीबीएसवर 1960 ते 1967 रविवारी रात्री लागायचा तो या शोचा सोन्याचा काळ, 1962-63 च्या सीझनला तर तो अमेरिकेत सगळ्यात जास्त बघितल्या जाणाऱ्या पहिल्या तीन कार्यक्रमांत होता. गाजलेले गॅग, म्हणजे छोटे प्रँक, बघितले तर त्यात कोणाला फार त्रास दिलेला नाही हे लगेच लक्षात येतं. इंजिनच नसलेली गाडी उतारावरून सोडून पेट्रोल पंपावर आणायची आणि चालवणारी बाई भोळा चेहरा करून म्हणणार की जरा बघता का, काहीतरी बिघडलंय. मेकॅनिक बॉनेट उघडतो, आत बघतो, बाईकडे बघतो, परत आत बघतो, कोणी खाली वाकून बघतो, कोणी डिकीत शोधतो. आपल्याला माहितीये इंजिन नाही, त्याच्या डोळ्यांना पण दिसतंय की नाही, पण गाडी तर आत्ता समोर चालत आली, तर डोक्यात हे कसं बसवायचं या झटापटीला लोक हसायचे. माणूस मूर्ख आहे म्हणून नाही हसायचे, उलट तो इतक्या प्रामाणिकपणे शोधतोय म्हणून तो आवडायचा.

दुसरा म्हणजे 1962 चा लिफ्टचा गॅग, जो आजही मानसशास्त्राच्या वर्गात दाखवतात. लिफ्टमध्ये शोची माणसं दाराकडे पाठ करून उभी, आणि एक जण ज्याला काहीच माहिती नाही. तो आधी दाराकडे तोंड करून असतो, मग कडेनं बघतो, नाक चोळतो, घड्याळ बघायच्या निमित्तानं थोडा वळतो, अजून थोडा, आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून उभा. एका पोराला तर गोल फिरवून, टोपी काढायला आणि परत घालायला लावून अक्षरशः नाचवलाय, कोणी एक शब्द न बोलता. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं 1951 च्या आसपास रेषांची लांबी विचारून जे प्रयोग केले होते, की आजूबाजूचे सगळे चुकीचं उत्तर देत असतील तर माणूस डोळ्यांना दिसतं ते सोडून त्यांच्या मागे जातो, तेच इथे एका मिनिटात दिसतं. बघणाऱ्यांची पहिली प्रतिक्रिया अर्थातच "मी असतो तर वळलोच नसतो" ही असते आणि मला वाटतं या प्रकारच्या शोचं निम्मं आकर्षण या एका वाक्यात आहे, कारण ते म्हणताना मनात कुठेतरी माहीत असतं की आपण पण वळलो असतो.

मानसशास्त्रवाल्यांनी यावर बरंच लिहिलंय. हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञानं सतराव्या शतकात म्हटलेलं की हसू म्हणजे समोरच्यापेक्षा आपण वरचढ आहोत असं अचानक वाटणं, ते इथे थोडं लागू पडतं पण पूर्ण नाही. डॉल्फ झिलमन आणि जोआन कँटर यांनी 1970 च्या दशकात मांडलं की फजिती कोणाची होतेय यावर हसू ठरतं, नावडत्याची झाली तर जास्त, आवडत्याची झाली तर कमी. आता रस्त्यावरचा अनोळखी माणूस ना आवडता ना नावडता, म्हणजे पुढच्या दोन मिनिटांत तो कसा वागतो त्यावर प्रेक्षक त्याच्याबद्दल मत बनवतो. तो बिचारा मदत करायला धावला तर त्याला फसवणं जिवावर येतं, तो हावरटपणा करायला लागला तर त्याची जिरलेली बघायला मजा येते. स्टॅन्ले मिलग्रॅमनं सुद्धा जॉन साबिनीबरोबर 1979 मध्ये या शोवर लेख लिहिला. मिलग्रॅम म्हणजे ज्यानं माणसं हुकूम मानून दुसऱ्याला विजेचे झटके द्यायला कितपत तयार होतात ते तपासलं तोच, लोकांना खोट्या प्रसंगात टाकण्याचं काम फंटइतकंच जवळून माहीत असलेला.

बघवत नाही म्हणणारे

प्रत्येक घरात एक जण असा असतोच की प्रँक लागला की उठून पाणी प्यायला जातो किंवा उशी तोंडावर घेतो. ही नाटकं नसतात. 2011 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मेंदूचे स्कॅन करून दाखवलं की दुसऱ्याची फजिती बघताना मेंदूचे जे भाग चालू होतात त्यातले काही तेच असतात जे दुसऱ्याला शारीरिक दुखलेलं बघताना चालू होतात, आणि हे त्या फजिती झालेल्या माणसाला स्वतःची फजिती झालीये हे कळलेलं नसलं तरी होतं. म्हणजे तो मजेत असतो आणि लाज आपल्याला वाटते. अशा माणसाला "अरे गंमत आहे, काय इतकं मनावर घेतो" म्हणणं मला पटत नाही, त्याला खरंच त्रास होत असतो.

टीका पण पहिल्यापासून आहे. 1950 मध्ये न्यूयॉर्कर मासिकात फिलिप हॅम्बर्गरनं हा कार्यक्रम क्रूर आणि माणुसकीच्या विरोधात आहे अशा अर्थाचं सडकून लिहिलं होतं. सुरुवातीच्या एपिसोडांमध्ये फंट स्वतः समोर जाऊन लोकांना जास्त टोचायचा, चिडेपर्यंत ताणायचा. साठच्या दशकात सूर मवाळ झाला, लहान मुलांशी नुसत्या गप्पा मारलेले तुकडे आले, आणि "हसा, तुम्ही कँडिड कॅमेऱ्यावर आहात" हे वाक्य घराघरात गेलं. लोकांनी शोला जीव लावला तो या मवाळ रूपाला.

ते "हसा"वालं शेवटचं वाक्य म्हणजे या शोचा कणा आहे. त्या क्षणी कॅमेरा बकऱ्याच्या चेहऱ्यावर थांबतो, आधी काही कळत नाही, मग डोळे इकडेतिकडे फिरतात, मग हात तोंडावर जातो आणि हसू फुटतं. प्रेक्षक नेमका याचीच वाट बघत असतो. फक्त एक लक्षात ठेवायला पाहिजे की जो भडकला, ज्यानं सही द्यायला नकार दिला, जो तसाच निघून गेला, तो आपल्याला कधी दिसतच नाही. दाखवायला लेखी परवानगी लागते आणि ती देणारे हे शेवटी हसलेलेच लोक असतात. त्यामुळे "बघा, कोणी मनावर घेत नाही" हा जो प्रेक्षकांचा समज होतो तो एडिटिंग टेबलवर तयार झालेला आहे, आणि या शोच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हे मान्य करायलाच हवं.

परवानगीचं गणित फिसकटलं की काय होतं तेही दिसलंय. 2001 मध्ये ॲरिझोनातल्या बुलहेड सिटी एअरपोर्टवर ॲलनचा मुलगा पीटर फंट सिक्युरिटीवाला बनून प्रवाशांना एक्स-रे मशीनच्या पट्ट्यावर आडवं पडून जायला सांगत होता. त्यात एका प्रवाशाला इजा झाली, तो कोर्टात गेला आणि ज्युरीनं त्याच्या बाजूनं लाखो डॉलरची भरपाई दिली. इंजिन नसलेल्या गाडीत मेकॅनिक कधीही हात झटकून "जावा बाई" म्हणू शकत होता, एअरपोर्टवर वर्दीतल्या माणसाला कोण नाही म्हणणार.

ब्रिटनमध्ये प्रेक्षकांचा राग शो करणाऱ्यावरच निघाला. जेरेमी बीडलचा प्रँक शो बीडल्स अबाउट आयटीव्हीवर 1986 ते 1996 चालला, लोक तो आवडीनं बघायचे आणि तरी बीडल हा देशातल्या सगळ्यात नावडत्या सेलिब्रिटींपैकी एक मानला जायचा. 2008 मध्ये तो गेला तेव्हा त्यानं धर्मादाय कामांसाठी किती पैसा उभा केला होता ते बऱ्याच जणांना पहिल्यांदा नीट कळलं. हसून झाल्यावर मनात जी थोडी टोचणी राहते ती कोणावर तरी काढायची असते, आणि लोकांनी ती त्याच्यावर काढली असं मला वाटतं.

विमानातली गोष्ट

3 फेब्रुवारी 1969 ला फंट बायकामुलांसोबत नेवार्कहून मायामीला निघाला होता, ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान. वाटेत विमान हायजॅक झालं, क्युबाला न्या म्हणून. पण प्रवाशांतल्या कोणीतरी फंटला ओळखलं आणि झालं, लोकांनी ठरवून टाकलं की हा कँडिड कॅमेराचा नवा गॅग आहे. फंट स्वतः घाबरलेला, तो जीव तोडून सांगतोय की अहो हे खरं आहे, आणि लोकांना तेही ॲक्टिंगच वाटतंय. विमान हवानाला उतरलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सगळे सुखरूप परत आले. प्रँक शोचा प्रेक्षकावर काय परिणाम होतो यावर कितीही पानं लिहिली तरी ही एक घटना पुरते, वर्षानुवर्षं बघून लोक इतके सरावले होते की डोळ्यासमोरचा खरा धोका त्यांना शो वाटला.

आजारपणातलं हसू

याच्या उलट टोकाला नॉर्मन कझिन्स. सॅटर्डे रिव्ह्यू मासिकाचा हा संपादक 1964 मध्ये सांधे आणि पाठीच्या कण्याच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला, झोप नाही, हालचाल नाही. फंटनं त्याला शोच्या जुन्या फिल्म आणि प्रोजेक्टर पाठवला, आणि कझिन्सनं पुढे 1976 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लिहिलं की दहा मिनिटं पोट धरून हसल्यावर निदान दोन तास वेदनेशिवाय झोप लागायची, मग जाग आली की परत प्रोजेक्टर चालू. त्याच्या हसण्यानं हॉस्पिटलमधल्या बाकी पेशंटना त्रास व्हायला लागला म्हणून शेवटी तो हॉटेलात राहायला गेला. हसल्यानं आजार बरा होतो असं यावरून म्हणता येत नाही, एका माणसाचा अनुभव आहे, तो व्हिटॅमिन सी पण मोठ्या डोसमध्ये घेत होता. पण दुखणाऱ्या माणसाला हे तुकडे बघून झोप लागली, ही प्रेक्षकाची प्रतिक्रिया म्हणून मला फार मोठी वाटते. फंटनं नंतर आजारी लोकांना शोच्या टेप पाठवायचं काम संस्था काढून केलं.

आपल्याकडे

भारतात हा प्रकार केबलवर घरोघरी पोचला तो एमटीव्ही बकरामुळे, मुंबईचा सायरस ब्रोचा तो करायचा. कॉलेजची पोरं त्यावर फिदा होती आणि कट्ट्यावर कोणाची फिरकी घेतली की लगेच "कॅमेरा कुठेय" हे यायचंच. पण मराठी घरात आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी मिळून बघितला तो पोगोवरचा जस्ट फॉर लाफ्स गॅग्ज. हा कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा शो, 2000 मध्ये सुरू झालेला, यात संवादच नाहीत, नुसतं म्युझिक आणि हशा, त्यामुळे शंभरहून जास्त देशांत आणि विमानांमध्ये विकला गेला. भाषेची अडचण नाही म्हणून आजीला पण सगळं कळायचं, आणि आजी बकऱ्याच्या बाजूनं असायची, "अरे त्या बिचाऱ्याला सांगा ना रे आता" असं टीव्हीला म्हणायची. इथे पण शेवटी बकरा कॅमेऱ्याकडे बघून हसतो तो शॉट जवळजवळ प्रत्येक गॅगला असतो, तो कधी कापत नाहीत.

सगळं सेटिंग आहे का

आजचा प्रेक्षक पहिलं हेच विचारतो. मोबाइलवर प्रँकचे इतके व्हिडिओ आले आणि त्यात इतके ठरवून केलेले निघाले की आता खऱ्याला पण लोक स्क्रिप्टेड म्हणतात. यात नुकसान असं की एकदा माणूस ॲक्टर आहे म्हटलं की त्याच्याबद्दल वाईट वाटायचं कारण उरत नाही, मग त्याला कितीही छळा. 2011 ला अमेरिकेत ट्रूटीव्हीवर आलेल्या इम्प्रॅक्टिकल जोकर्सनं यातून वेगळी वाट काढली, जुने मित्र एकमेकांना कानातल्या स्पीकरमधून सांगतात की जा आणि त्या अनोळखी माणसाला असं असं बोल, आणि लाजेनं लाल होतो तो बोलणारा मित्र. समोरचा गिऱ्हाईक फार तर वैतागतो. प्रँक बघवत नाही म्हणून उठून जाणारे बरेच जण हा शो मात्र बसून बघतात, कारण इथे बकरा स्वतःहून बकरा व्हायला आलेला असतो.