आल्फोन्सीय सारण्या

मध्ययुगीन यूरोपातील ग्रहगणिताच्या लॅटिन कोष्टकांचा संच. कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो (1221–84) याच्या नावाने तो ओळखला जातो. सु. 1320 पासून सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रहस्थिती, ग्रहणे व कुंडल्या यांचे गणित मुख्यतः यावरून होई. पोथ्यांत ‘कानोनेस’ (नियम) आणि कोष्टके असे दोन भाग असतात. त्याच कोष्टकांना निरनिराळ्या लेखकांचे नियम जोडलेले आढळतात.

उगम वादग्रस्त आहे. यहूदा बेन मोशे व इसहाक बेन सिद या ज्यू पंडितांनी सु. 1263–72 मध्ये टोलेडो येथे रचलेल्या सारण्यांचे कॅस्टीलियन नियम उपलब्ध आहेत. कोष्टके मात्र लुप्त झाली. लॅटिन पाठ पॅरिसमध्ये 1320 च्या सुमारास अवतरतो, आणि त्याची मांडणी त्या नियमांशी जुळत नाही. म्हणून तो पॅरिसमध्येच घडला, आल्फोन्सोचे फक्त नाव राहिले, असे इतिहासकार एमान्युएल पूल यांचे मत. उलट चाबास व गोल्डस्टीन या इतिहासकारांच्या मते गाभा कॅस्टीलचा, पुनर्रचना पॅरिसची. हे मत अधिक ग्राह्य वाटते. पॅरिसच्या कर्त्यांत म्यूर्सचा, लिन्येरचा व सॅक्सनीचा असे तिघे जॉनच होते. सर्वाधिक प्रसार सॅक्सनीच्या जॉनच्या 1327 मधील नियमांचा झाला.

अयनचलनाचे (ताऱ्यांच्या संदर्भात संपातबिंदूंच्या मंद सरकण्याचे) दोन घटक मानले आहेत : 49,000 वर्षांत एक फेरा पुरा करणारी समगती आणि 7,000 वर्षे आवर्तनाचे, दोन्ही बाजूंस 9 अंशांपर्यंतचे आंदोलन. सातच्या पटीतील या आकड्यांमागे ज्यूंचे सब्बाथ वर्ष (दर सातवे वर्ष) व ज्युबिली (अशा सात सप्तकांनंतरचे वर्ष) असावी, असा तर्क केला जातो. सायन वर्ष (ऋतुचक्राचे वर्ष) 365 दिवस 5 तास 49 मिनिटे 16 सेकंद धरले आहे.

गणित षष्टिमान (साठ पायाच्या) पद्धतीचे. इष्टकाळापर्यंतचे दिवस साठाच्या पटींत मांडायचे; 1,000 दिवस म्हणजे 16,40. मध्यम (सरासरी) गतीच्या 1 ते 60 ओळींच्या एकाच कोष्टकातून 40 ची ओळ घ्यायची, 16 ची ओळ एक स्थान वर सरकवून तीत मिळवायची, शकारंभीचा क्षेपक (ग्रहाचे तेव्हाचे मध्यम स्थान) जोडायचा. यावरून मध्यम ग्रह, म्हणजे ग्रहाचे सरासरी स्थान, मिळतो. मग प्राचीन ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमीच्या रीतीने फलसंस्कार (दुरुस्त्या) करून तो स्पष्ट करायचा, म्हणजे त्याचे प्रत्यक्ष स्थान काढायचे. आल्फोन्सोचा शक 1 जून 1252 पासून मोजत. इतर शकांत महाप्रलयाचाही आहे. अरबी ग्रंथांतून आलेला त्याचा आरंभ, इ. स. पू. 3102 चा फेब्रुवारी, आपल्या कलियुगारंभाशी जुळतो. अल्-ख्वारिझ्मीच्या जुन्या अरबी सारण्यांत मध्यरेखा (गणिताचे मूळ रेखावृत्त) ‘अरीन’ची असे, अरीन म्हणजे उज्जैन.

फलज्योतिषासाठी यांचा वापर नित्याचा होता. मार्च 1345 मध्ये कुंभ राशीत झालेली शनी, गुरू व मंगळ यांची युती पॅरिसच्या वैद्यकविद्याशाखेने 1348 मध्ये महामारीचे दूरचे कारण ठरवली.

एर्हार्ट राटडोल्टने व्हेनिसमध्ये 1483 साली सारण्या प्रथम छापल्या. कोपर्निकसजवळ 1492 ची आवृत्ती होती. त्याच्याच सिद्धांतावर जर्मन ज्योतिर्विद राइनहोल्टने रचलेल्या प्रशियन सारण्यांनी (1551) पुढे त्यांची जागा घेतली.