उभी गाडी उभीच ठेवायची तर : पार्किंग डिस्क ब्रेकच्या आतलं गणित

हँडब्रेक ओढला, गाडी जागच्या जागी, विषय संपला असं आपल्याला वाटतं. पण ब्रेक डिझाइन करणाऱ्यांचं डोकं चालती गाडी थांबवण्याइतकंच थांबलेली गाडी थांबवून ठेवण्यातही जातं, आणि हँडब्रेक ज्यांना धरतो त्या मागच्या चाकांचे ड्रम (चाकासोबत फिरणारं पोकळ डबडं, आतून दाबून थांबवायचं) जाऊन तिथे डिस्क (चाकासोबत फिरणारी तबकडी, दोन्ही बाजूंनी चिमटून थांबवायची) आल्यापासून तर जरा जास्तच.

पायाचा ब्रेक ऑइलच्या प्रेशरवर चालतो. आता प्रेशर दोन मिनिटं टिकणं वेगळं आणि रात्रभर टिकणं वेगळं, एखाद्या सीलमधून थेंबभर ऑइल सरकलं किंवा तापलेलं ऑइल गार होऊन आकसलं की गेलं प्रेशर. म्हणून कारसाठी जो संयुक्त राष्ट्रांचा १३-एच नावाचा नियम आहे, त्यात सरळ म्हटलंय की पार्किंग ब्रेकची पकड निव्वळ मेकॅनिकल भागांनीच टिकली पाहिजे. शिवाय भरलेली गाडी २० टक्के चढावर (म्हणजे साधारण ११ अंश, वाचायला कमी वाटतं पण उभं राहून बघा) तोंड वर असो की खाली, जागेवर राहायला हवी, आणि हाताला ४०० न्यूटनपेक्षा म्हणजे साधारण ४० किलोपेक्षा जास्त जोर लागता कामा नये.

ड्रमला हे सोपं जायचं. शू (ड्रमच्या आतली वक्र पट्टी) ड्रमला टेकला की फिरू बघणारा ड्रम स्वतःच त्या शूला सोबत ओढून अजून घट्ट बसवतो, म्हणजे थोडा जोर आपला आणि बाकीचा फुकटात. डिस्कमध्ये पॅड (घासून धरणारे चपटे ठोकळे) दोन्ही बाजूंनी सरळ दाबले जातात त्यामुळे फुकटात काहीच मिळत नाही, जेवढं दाबाल तेवढंच.

किती दाबायचं ते काढूनच बघू. २००० किलोची भरलेली गाडी २० टक्के उतारावर जवळपास ३८५० न्यूटनने खाली ओढली जाते. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली तर मागच्या प्रत्येक चाकावर सुमारे ५८० न्यूटन-मीटरचा पीळ अडवायचा. पॅड डिस्कच्या मध्यापासून १२ सेंटिमीटरवर आणि घर्षणाचा आकडा ०.३५ धरला तर, डिस्कच्या दोन्ही बाजूंचे पॅड मिळून धरतात म्हणून, प्रत्येक डिस्कवर जवळपास ७००० न्यूटन, म्हणजे ७०० किलो वजनाइतका दाब हवा. दोन चाकांचे मिळून १४०००.

जोर वाढवणं अवघड नाही, लांब लिव्हर लावा, पुढे कॅलिपरमध्ये (पॅड धरणारा, डिस्कवर बसलेला चिमटा) तिरप्या खाचांत छर्रे बसवा, लिव्हर फिरला की छर्रे खाच चढतात आणि पिस्टनला म्हणजे पॅड दाबणाऱ्या दट्ट्याला पुढे ढकलतात. खरी अडचण येते ती अंतराची, कारण जोर १०० पट केला की सरकणं १०० पटीने कमी होतं, फुकट कुणी काही देत नाही. हात १५ सेंटिमीटर हलला तर पॅडच्या वाट्याला आलं दीड मिलिमीटर! त्यातलं थोडं केबल ताणण्यात जाणार, थोडं कॅलिपर फाकण्यात. आणि पॅड तर झिजून कित्येक मिलिमीटरने पातळ होतो, मग उरलं काय?

म्हणून पिस्टनच्या आत एक आपोआप ॲडजस्ट होणारा स्क्रू आणि नट असतो. पायाचा ब्रेक मारताना पिस्टन ठरलेल्या फटीपेक्षा पुढे गेला की नट आट्यांवर थोडा फिरून ती जागा भरतो, आणि हँडब्रेकचा जोर आला की तोच नट जागी घट्ट अडकतो. मला यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वेगळीच वाटते. जोरात ब्रेक मारल्यावर प्रेशरने कॅलिपर स्वतःच किंचित फाकतो आणि पिस्टन जास्त पुढे येतो, ही झीज नव्हे, पण नटाला ते कसं कळणार? त्याने ती जागाही भरली तर पाय काढल्यावर पॅड डिस्कला घासतच राहतील. म्हणून ठरावीक प्रेशरच्या वर नटाचं फिरणंच बंद व्हावं अशी रचना करतात. गॅरेजमध्ये मागचे पॅड बदलताना अशा कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो, त्याच्या तोंडावर त्यासाठीच खाचा असतात, आणि शिकंज्याने जबरदस्ती केली तर आतलं सगळं मोडतं.

काही डिझाइनरनी ही भानगडच टाळली आणि डिस्कच्या मधल्या टोपीत छोटा ड्रम बसवला, थांबायला डिस्क आणि उभं राहायला ड्रम. आयडिया झकास, फक्त त्यातले शू चालत्या गाडीत कधी घासलेच जात नाहीत त्यामुळे पृष्ठभागावर गंज चढतो आणि पकड कमी होते.

आता बटणवाला ब्रेक. २००१ मध्ये बीएमडब्ल्यू ७ सीरिजसारख्या महागड्या गाड्यांत आला, आता साध्या गाड्यांतही असतो. आज बहुतेक गाड्यांत कॅलिपरवरच छोटी मोटर, पुढे गिअर, पुढे स्क्रू. आट्यांचा उतार इतका कमी ठेवतात की दाबाने स्क्रू उलटा फिरत नाही, गाडी उचलायचा स्क्रू जॅक हात सोडला तरी खाली येत नाही ना, तसंच, म्हणून मोटर बंद झाली तरी पकड कायम. किती आवळलं हे बहुधा मोटर खात असलेल्या करंटवरून ओळखतात, ठरलेल्या आकड्याला पोचला की बंद. (बॅटरी पूर्ण उतरली की मात्र तो सुटतही नाही, ही त्याच गुणाची दुसरी बाजू.)

पण घाट उतरून गाडी लावली की डिस्क तापलेली असते. १२ मिलिमीटर जाडीची बिडाची डिस्क ३०० अंशांनी गार झाली तर जेमतेम ०.०४ मिलिमीटर आकसते, पॅडही आकसतात, आणि कॅलिपर एवढा ताठ की तेवढ्यानेही पकड चांगलीच ढिली होते. केबलवाल्या ब्रेकमध्ये ताणलेली केबल यातलं थोडं भरून काढते, स्क्रूमध्ये तसं काही नाही. त्यामुळे गाडीचा कंट्रोलर काही मिनिटांनी मोटर पुन्हा फिरवून आवळून घेतो. गाडी बंद करून आपण निघालो आणि मागून घर्र आवाज आला तर घाबरू नका, बिघाड नाहीये.

हे सगळं जमलं तरी एक गोष्ट ब्रेकच्या हातात नसते. तोंड खाली करून उतारावर गाडी लावली की वजन पुढच्या चाकांवर जातं आणि ब्रेक असतो मागच्या हलक्या झालेल्या चाकांवर, मग डिस्क घट्ट धरलेली असूनही शेवाळलेल्या किंवा बर्फाळ रस्त्यावर टायरच घसरू शकतो. अशा जागी गिअर टाकून पुढची चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवून ठेवायची.