टिनाखालचा तलाव आणि हवेतली ४५ हॉर्सपॉवर

आमच्याकडे पोहायचं म्हणजे विहीर, नाही तर नदीचा डोह. आता एखाद्या रिसॉर्टला, एखाद्या निवासी शाळेला छताखालचा तलाव हवासा वाटतो, आणि त्यासोबत एक ठाम समजूतही येते: भिंतीत चार एक्झॉस्ट पंखे बसवले की ओलाव्याचा प्रश्न मिटला. मग पहिल्याच डिसेंबरात छतातून थेंब टपकायला लागतात. मालक टिनवाल्याला वर चढवतो, पण टिनाला एकही भोक सापडत नाही. अशा वेळी "जागाच पाण्याची आहे" म्हणणारा कोणी तरी भेटतो आणि जमिनीतलं पाणी शोधणारा नारळवाला पायाळू बोलावला जातो. तळहातावरचा नारळ उभा राहतो तो हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालीमुळे. त्याला जमिनीतलं पाणी कळत नाही, हवेतलं तर नाहीच.

थेंब हवेतूनच येतात. ते समजायला आपला कूलर पुरेसा आहे. मे महिन्यात ४४ अंशांची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून खेचली की २८च्या आसपास होऊन खोलीत येते. मधली उष्णता गेली कुठे? ताटीवरच्या पाण्याची वाफ करण्यात. हवा थंड झाली, पण ओली झाली, आणि ती उष्णता वाफेच्या पोटात बसून खोलीभर हिंडते आहे. तापमापीला ती दिसत नाही. जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकात ग्लासगोत हाच हिशोब मांडला, आणि दहावीला आपण 'अप्रकट उष्मा' म्हणून तो पाठ केला. पुस्तकातला ५४० कॅलरींचा आकडा १०० अंशांच्या पाण्याचा. २८ अंशांच्या पाण्याला ग्रॅममागे त्याहून जास्त, सुमारे ५८० कॅलरी लागतात. पाणी उकळल्याशिवाय वाफ होत नाही असं वाटणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

छताखालचा तलाव म्हणजे रात्रंदिवस चालणारा कूलर, फक्त त्याची खिडकी बंद. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद तलावात मुलं डुंबत असतील तर तासाला ५० लिटरच्या घरात पाणी उडून जातं. त्या वाफेसोबत सुमारे ३४ किलोवॉट उष्णता हवेत जाते. वावरातल्या भाषेत ४५ हॉर्सपॉवर, म्हणजे पाच हॉर्सपॉवरच्या नऊ मोटरी. पंख्याने ही हवा बाहेर फेकली की त्या नऊ मोटरींची ऊर्जा गावावर उधळली जाते, आणि हिवाळ्यात तलावाचं पाणी गार पडलं म्हणून हीटर लावावे लागतात.

आता थोडं गणित, कारण पंखेवाल्याची फसगत इथेच होते. पाणी किती वेगाने उडेल हे दोन दाबांच्या फरकावर ठरतं: पाण्याच्या पृष्ठभागालगतच्या वाफेचा दाब आणि हवेतल्या वाफेचा दाब. २८ अंशांच्या पाण्यालगत तो ३.८ किलोपास्कल (दाब मोजायचं एकक) असतो. तलावाच्या हॉलमध्ये हवा ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ५५ टक्के ठेवली, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावेल त्याच्या ५५ टक्केच वाफ ठेवली, तर तिथे २.३. फरक १.५. हवा पाण्यापेक्षा एखाद-दोन अंश गरम ठेवतात ती याचसाठी. तेवढीच वाफ असली तरी सापेक्ष आर्द्रता कमी राहते, आणि पाण्यातून निघालेलं पोर कुडकुडत नाही.

बाहेरची हवा आत घेतली तर? मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता म्हणजे १.४ किलोपास्कल. हॉल सुकतो, पण फरक २.४ झाल्याने तलावही झपाट्याने आटतो. जुलैत पाऊस लागला की बाहेर २८ अंश, ८५ टक्के, म्हणजे ३.२. आत हवे आहेत २.३ आणि आपण ३.२ची हवा ओढतोय! पंखा कितीही मोठा लावा, हॉल ओलाच राहणार. पावसाळ्यात कूलर चिकचिक करतो, त्याचं कारणही हेच. डिसेंबरात बाहेरची हवा कोरडी असते, पण थंड. ३० अंश, ५५ टक्के हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते ते, २० अंशांच्या आसपास असतो. पहाटे टिन १२-१३ अंशांवर उतरतं. २०च्या खालचा कोणताही पृष्ठभाग त्या हवेतून पाणी ओढणारच. टिनवाला बिचारा भोकं शोधत बसतो.

यावरचं यंत्र म्हणजे हीट पंप डीह्युमिडिफायर, अर्थात उलटा कूलर. कूलर गरम-कोरडी हवा घेऊन थंड-ओली देतो, हे यंत्र ओली हवा घेऊन कोरडी-गरम देतं. आतल्या पहिल्या कॉइलमध्ये, म्हणजे नळ्यांच्या जाळीत, कमी दाबाचा रेफ्रिजरंट (फ्रिज-एसीत फिरतो तो पदार्थ) पाच-दहा अंशांवर उकळत असतो. ओली हवा तिच्यावरून गेली की दवबिंदूच्या खाली येते, पाणी ठिबकतं, आणि वाफेने पोटात घेतलेली उष्णता रेफ्रिजरंटला मिळते. कॉम्प्रेसर तो वायू दाबून तापवतो. पुढच्या कॉइलमध्ये तो पुन्हा द्रव होताना ती उष्णता त्याच हवेला परत देतो आणि उरलेली तलावाच्या पाण्याला. क्लोरिनच्या पाण्यात तांबं टिकत नाही, म्हणून इथे टायटॅनियमची नळी लागते. पंधराएक किलोवॉट वीज खर्चून पन्नासच्या आसपास किलोवॉट उष्णता हाती येते. जादू नाही. ३४ किलोवॉट आधीच हवेत होते.

यंत्र चांगलं आणि हवा वाहून नेणारं डक्ट चुकीचं, असं मात्र सर्रास होतं. कोरडी हवा आधी काचेवर, बाहेरच्या भिंतीवर आणि टिनाच्या पोटाशी गेली पाहिजे, कारण गार पडणारे भाग तेच. ती पाण्यावर मारली तर बाष्पीभवन वाढतं, म्हणजे आपणच आपल्यासाठी काम काढतो. आत सोडू त्यापेक्षा थोडी जास्त हवा बाहेर काढायची, म्हणजे हॉलमधला दाब किंचित कमी राहतो आणि ओल भिंतींत घुसत नाही. हवा परत खेचणारं एखादं ग्रिल पाण्याच्या पातळीजवळ असावं. तलावाचा तो ओळखीचा वास निव्वळ क्लोरिनचा नसतो. घाम, लघवी आणि क्लोरिन मिळून होणाऱ्या क्लोरामाइन्सचा तो वास, आणि ती पाण्यालगतच रेंगाळतात. थोडी ताजी हवा त्यांच्यासाठी घ्यावीच लागते. साध्या जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचं डक्ट त्यांच्यापुढे टिकत नाही. ॲल्युमिनियम किंवा कापडी डक्ट बरं. ठिबकलेलं पाणी नेणाऱ्या पाइपला यू-ट्रॅप, म्हणजे पाणी साचून राहील असा यू आकाराचा वाक, हवा, नाही तर आतला पंखा पाइपातूनच हवा ओढतो आणि ट्रे तुंबून वाहतो.

डक्ट छताला टांगणाऱ्या सळ्यांकडे कोणी बघत नाही. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावात मे १९८५मध्ये तलावावरचं टांगलेलं काँक्रीटचं छत कोसळून १२ जण गेले. सळ्या स्टेनलेस स्टीलच्या होत्या. तलावाच्या हवेतल्या क्लोरिनयुक्त संयुगांनी त्या ताणाखाली तडकल्या. 'स्टेनलेस आहे, गंजत नाही' हे तलावावर चालत नाही.

याच यंत्राचा धाकटा भाऊ सध्या 'हवेतून फुकट पाणी' म्हणून खपवला जातो. ४४ अंश, १५ टक्के हवेचा दवबिंदू सुमारे १२ अंश. म्हणजे पाण्याची खरी चणचण असते त्याच महिन्यात कॉइलला सगळ्यात जास्त राबावं लागतं, आणि पाणी मिळतं थोडंसं. वीज तर फुकट नाहीच.

आपल्या हवामानात यंत्र वर्षभर पूर्ण ताकदीने चालवायची गरजही नाही. उन्हाळ्यात डॅम्पर (हवेची झडप) उघडून बाहेरची कोरडी हवा बेताने घ्यावी. यंत्राचे खरे महिने पावसाळ्याचे आणि हिवाळ्याचे. त्या दिवसांत तीन फेजपैकी एक उडाली तर कॉम्प्रेसर जळतो, तेव्हा विहिरीच्या मोटरीला लावतो तसा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर इथेही बसवावा. आणि पोहणारे घरी गेले की पाण्यावर प्लॅस्टिकचं आच्छादन ओढावं. वाफ होऊच दिली नाही तर ती परत पकडावी लागत नाही, लाइन असो वा नसो.