‘वारस लावणे’ या शब्दाने केलेला घोळ

"विम्याला बायकोला वारस लावलंय," असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. अर्जावर मात्र ‘नामनिर्देशित व्यक्ती’ म्हणजे नॉमिनी असे छापलेले असते. वारस आणि नॉमिनी या दोन शब्दांत जे अंतर आहे, त्यात कित्येक घरांतली भावंडे कोर्टाची पायरी चढली.

नॉमिनी नेमण्याची ही सोय 1938 च्या विमा कायद्यात आहे. मृत्यूनंतर पैसे कुणाच्या हाती द्यायचे हे कंपनीला कळावे, एवढाच तिचा हेतू. सर्वोच्च न्यायालयाने 1983 च्या डिसेंबरात ते स्पष्ट केले. त्या प्रकरणातला माणूस मृत्युपत्र न करता गेला होता. मागे आई, पत्नी आणि मुलगा. पॉलिसींवर नाव पत्नीचे. रक्कम पत्नीने घ्यावी, पण त्यावर हक्क तिघांचा, असा निकाल लागला.

मग शेअर्स आले आणि सगळे पुन्हा विस्कटले. 1999 मध्ये कंपनी कायद्यात नामनिर्देशनाचे कलम घातले गेले. धारकाच्या मृत्यूनंतर शेअर्स नॉमिनीकडे ‘निहित’ होतील, असे त्यात होते. निहित म्हणजे ताबा की मालकी? मुंबईत एका विधवेने नवऱ्याच्या शेअर्सवर हक्क सांगितला, पण नॉमिनी म्हणून नाव दुसऱ्याच नातलगाचे होते. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी निहित म्हणजे मालकी असा अर्थ लावला आणि पत्नीला काहीच मिळाले नाही. एका क्रियापदापायी वारसा कायदा बाजूला सारणारा हा अर्थ मला तेव्हाही पटला नव्हता. त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने 2016 मध्ये तो फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी खंडपीठाच्याच बाजूने कौल दिला. मधली तेरा वर्षे लोक कोणत्या भरवशावर अर्ज भरत होते?

फ्लॅटचे तेच. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून गृहनिर्माण संस्थेत नॉमिनीला फक्त ‘तात्पुरता सदस्य’ करून घेता येते. कायम सभासदत्वासाठी मृत्युपत्र किंवा वारसाहक्काचा कागद लागतो. विम्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीने आई-वडील, जोडीदार आणि मुले यांना ‘लाभार्थी’ नॉमिनीचा, म्हणजे रक्कम स्वतःसाठी मिळवण्याचा, दर्जा दिला. त्याने इतर वारसांचा हक्क संपतो का, यावर उच्च न्यायालयांत एकवाक्यता नाही.

1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीला चार नॉमिनी देता येतात, टक्केवारीसह. तो रकाना भरताना अनेकांना आपण वाटणीच लिहून ठेवतो आहोत असे वाटते. वाटणी मात्र आजही मृत्युपत्रानेच ठरते, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने.